डोंगराकडे केलेला बाण

माझे वडील अकोल्यात भूजलाच्या सरकारी कार्यालयात जीप चालवायचे. तीस वर्षांत त्यांनी किती साहेबांना वऱ्हाडभर फिरवलं याची त्यांनाही आठवण नव्हती. विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजायला साहेब वर्षातून ठरलेल्या वेळी निघत. काठावर बसून साहेब वहीत आकडा लिहीत, आणि वजन बांधलेली टेप खाली सोडायचं काम बहुतेक वेळा वडीलच करत. ते त्यांचं काम नव्हतं. पण उन्हात जीपमध्ये बसून राहण्यापेक्षा ते बरं, असं म्हणत.

मी भूशास्त्र शिकले ते त्यांच्यामुळे, पण त्यांनी मला कधी तसं सुचवलं नव्हतं. मी नर्स व्हावं किंवा तलाठ्याची परीक्षा द्यावी, असं त्यांच्या मनात होतं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायला लागल्यावरही ते पाहुण्यांना सांगत, "पोरगी दगडं शिकवते," आणि चहाचं विचारत. माझं लग्न झालं नाही. चाळिशी जवळ आल्यावर घरात तो विषयही संपला. त्याच सुमारास मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, आणि वडील निवृत्त झाले.

माझा विषय सातपुडा होता. परतवाड्याला उभं राहून उत्तरेकडे पाहिलं की डोंगर एकदम समोर येतो. आधी टेकड्या, मग चढ, असं काही नाही. सपाट काळी जमीन चालत येते आणि अचानक भिंत लागते. तिथले लोक ती भिंत रोज पाहतात, त्यामुळे ती तिथेच का, असं कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचं होतं.

माझे मार्गदर्शक वयाने मोठे आणि स्वभावाने कडक होते. मी त्यांना सर म्हणते, इथेही तेच म्हणेन. नाव नोंदवताना त्यांनी एवढंच सांगितलं, "फील्डला एकटी जायचं नाही. सोबतीला कोण आहे ते आधी सांगा." मी वडिलांना विचारलं. त्यांनी निवृत्तीनंतर एक जुनी व्हॅन घेतली होती आणि ती दारात उभी असायची. ते म्हणाले, "मले तरी काय काम हाये? चाल."

पहिल्या दिवशी परतवाड्याच्या बसस्टँडसमोर चहा घेताना त्यांनी विचारलं, "तू काय शोधून राह्यली, ते तं सांग. मंग मलेबी पाहाले जमन."

मी जमेल तसं सांगितलं. फार पूर्वी, कोट्यवधी वर्षांपूर्वी, आपला देश एका मोठ्या भूखंडाचा भाग होता. तेव्हा या पट्ट्यात जमीन दोन्हीकडून ताणली गेली. ताणल्यामुळे ती फाटली आणि फटींच्या मधला भाग खाली खचला. लांबच लांब दरी झाली. त्या दरीत नद्यांनी वाळू आणली, जंगलं गाडली गेली. त्याच जंगलांचा पुढे कोळसा झाला, तो आज सातपुड्याच्या पलीकडे काढतात. जमीन पूर्ण फाटून समुद्र आत आला नाही, ताण मध्येच थांबला. मग पुष्कळ काळाने लाव्हा आला आणि त्याने सगळं झाकून टाकलं. आपला काळा दगड तो हाच. त्यानंतर देश उत्तरेला सरकत जाऊन आशियाला भिडला आणि आता ताणाच्या जागी दाब आला.

"मंग?"

"मग जमीन दाबली गेली, तेव्हा ती कुठूनही मोडली नाही. जिथं आधी फाटली होती तिथूनच सरकली. ज्या फटीवरून पूर्वी खाली घसरली होती, त्याच फटीवरून वर चढली. जिथे दरी होती तिथे डोंगर आला."

वडिलांनी कप खाली ठेवला. "खचलं होतं, तेच वर आलं म्हन्तं?"

"हो. असं भूशास्त्रज्ञ मानतात. मला या भागात त्याचा पुरावा पाहिजे."

"पुरावा कसा असते याचा?"

"दगडावर घासल्याच्या रेघा असतात. जमीन सरकताना दगड दगडावर घासतो. आधी खाली गेल्याच्या आणि नंतर वर आल्याच्या, अशा दोन वेळच्या रेघा एकाच दगडावर मिळाल्या पाहिजेत."

ते थोडा वेळ डोंगराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "भेटन का नाई, सांगता नाई येत. पन गोठ समजली."

त्या हिवाळ्यात आम्ही डोंगराच्या पायथ्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेलो. मी नाल्यांमध्ये उतरायची, दगड पाहायची, होकायंत्राने मोजायची. वडील व्हॅन सावलीत लावून माझ्या मागे यायचे. सालबर्डीजवळ नदीच्या पात्रात मी त्यांना पहिल्यांदा तो पिवळसर वाळूचा दगड दाखवला. जन्मभर काळा दगड पाहिलेला माणूस. त्यांनी खाली बसून त्यावर हात ठेवला, कण नखाने खरवडून पाहिले. "हे त्या खचलेल्या दरीतली वाळू?" मी हो म्हटलं. त्या दिवशी मी म्हणेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.

बसताना ते चपला काढून ठेवत आणि पाय लांब करत. पायाला चपलेच्या पट्ट्याचे वळ उमटलेले असत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "गाडी चालवून सुजते." मी मान डोलावली आणि नकाशा उघडला. हे मी इथे लिहून ठेवते, कारण त्याबद्दल पुढे सांगायचं आहे.

दोन महिने गेले. रेघा मिळाल्या, पण एकाच वेळच्या, आणि त्याही उन्हापावसाने झिजलेल्या. सर फोनवर विचारत, "काही ठाम?" मी नाही म्हणायची. आणि मग एका दुपारी मी नाल्यात काम करत असताना वडील चहाच्या टपरीवरून लगबगीने परत आले. एरवी ते सावकाश चालत.

"एक इहीर खोदून राह्यले, वरूडच्या रस्त्यानं आत. टपरीवर मानसं बोलत होते. एका बाजूनं काया दगड लागला, अन् दुसऱ्या बाजूनं पिवया. मी जाऊन पाह्यलं. मलब्यात एक दगड घासल्यावानी दिसला. चाल."

विहीर संत्र्याच्या बागेत होती. मालक साठीचा, पांढऱ्या पायजम्यातला शेतकरी. विहिरीवर यारी बसवलेली होती. दगडमाती वर खेचायचं ते यंत्र, त्याच्या लोखंडी दोराला मोठा डबा लटकत होता. खाली चार माणसं काम करत होती. मी वाकून पाहिलं. तळाजवळ उत्तरेच्या बाजूला पिवळा दगड काळ्या दगडावर तिरका चढून बसलेला होता. वाळूचा दगड जुना, काळा दगड नवा. जुना नव्याच्या वर होता. आणि पिवळ्या दगडाच्या अंगात पत्र्यासारखा एक सपाट, चकचकीत पृष्ठभाग उघडा पडला होता.

मी मालकांना सांगितलं की मला खाली उतरायचं आहे.

खोदणाऱ्यांचा मुकादम पुढे आला. "बाई मानूस चालू इहिरीत नाई उतरत. पानी लागत नाई मंग."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "कोठचे तुमी?"

"अकोल्याचा. गाव दर्यापूरकडं."

"आडनाव?"

वडिलांनी आडनाव सांगितलं. आमचं आडनाव ऐकल्यावर वऱ्हाडात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर त्यातच मिळालेलं असतं. मालक थोडा वेळ गप्प राहिले. मी लहानपणापासून ती शांतता ओळखते. तिच्यानंतर काय येईल हे मात्र कधी सांगता येत नाही.

"पोरगी काय करते?"

"कॉलेजात शिकवते. डोंगर कसा झाला त्याचा अभ्यास करून राह्यली. तुमच्या इहिरीत त्याची खून दिसून राह्यली म्हन्ते."

"मायाच इहिरीत?" त्यांनी पुन्हा एकदा वाकून खाली पाहिलं, जणू विहीर आत्ताच पाहत होते. मग मुकादमाला म्हणाले, "उतरू दे. पानी लागाचं तं लागन, नाई तं नाई. पन बाई, लवकर करजा. चार वाजता सुरुंग हाये. अन् हे पिवयी बाजू ढासयून राह्यली, म्हून पुढच्या हप्त्यात आतून बांधकाम घेतो."

वडील आधी उतरले. डब्यात उभे राहून, एका हाताने दोर धरून. ते खाली पोहोचल्यावर डबा माझ्यासाठी वर आला. तळाशी गार होतं आणि दगडाच्या भुकटीचा वास होता. खोदणारे बाजूला सरकून बसले. मी त्या चकचकीत पत्र्याजवळ गेले आणि टॉर्च तिरपी धरली. रेघा होत्या. एक ओळ जवळजवळ सरळ वरून खाली जाणारी, जुनी, तिच्या खाचांमध्ये पांढरं खनिज बसलेलं. दुसरी तिरकी, तिला कापून जाणारी.

वडिलांनी तळवा दगडावर ठेवला आणि रेघांवरून हळूहळू फिरवला. आधी एका दिशेने, मग उलट.

"इकडून जाते तं गुयगुयीत लागते," ते म्हणाले. "उलटं आलं की टोचते."

जमीन कोणत्या बाजूने सरकली हे भूशास्त्रज्ञ असंच हाताने पाहतात. मी त्यांना ते सांगितलेलं नव्हतं.

"ब्रेकच्या ड्रमले असे ओरखडे पडते," ते म्हणाले. "हे आडवे गेलेले नंतरचे. पयल्याले कापून गेले ना. ड्रम एकदा एका जागी खाल्ला, की नवीन लायनर टाकलं तरी तथीच खाते."

मी फोटो घेतले, मोजमापं घेतली, आकडे वहीत लिहिले. वरून मुकादम ओरडला, वेळ झाली. आम्ही वर आलो आणि बागेबाहेर रस्त्यावर उभे असताना जमिनीतून सुरुंगाचा दणका पायाला जाणवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी नमुना घेतलाच नाही.

नमुना घ्यायचा म्हणजे नुसता तुकडा फोडून चालत नाही. तो भिंतीत कसा बसला होता, वर कोणती बाजू, उत्तर कुठे, हे काढण्याआधी त्याच्यावर आखावं लागतं. नाहीतर त्या दगडाचा काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला परीक्षेच्या कामासाठी अमरावतीला हजर राहायचं होतं. सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. मी व्हॅनमध्ये बसून स्वतःवर चिडत होते.

वडील गाडी चालवत होते. मोर्शी मागे पडल्यावर ते आपणहून बोलायला लागले. "आमच्या गावात दोन इहिरी होत्या. एक गोडी, एक खारी. आमचा खारपानपट्टा, गोडं पानी मुश्किलीनं लागे. गोडीच्या काठावर आमाले चढू देत नसत. आमी खारीचं प्याचो. दाय शिजत नसे त्याच्यात." मग थोडं थांबून म्हणाले, "तू आज उतरली, तई मले तुया आजाची याद आली."

"काय आठवलं?"

"काई नाई. याद आली."

त्यांनी गिअर बदलला.

सकाळी मला कॉलेजच्या फाटकाशी सोडून ते म्हणाले, व्हॅनच्या पाट्याचं काम करून घेतो, संध्याकाळी येतो. आले तेव्हा अंधार पडत होता. माझ्या खोलीच्या पायऱ्या त्यांनी दोनदा थांबून चढल्या. खांद्यावर गोणपाट होतं, त्यात गुंडाळलेला दगड. मी उघडलं. तोच पत्रा होता, दोन्ही रेघांसह. त्याच्यावर पिवळ्या ऑइलपेंटने एक बाण काढलेला होता. बाणाच्या टोकाशी लिहिलं होतं, "डोंगर". बाजूला दुसरी खूण, "वर".

"तुमी परत गेलता?"

"सुरुंगातून थोडा उरला होता. आज निंगून गेला असता."

त्यांचा चेहरा मातकट झाला होता. ते खाली भिंतीला टेकून बसले आणि पाणी मागितलं. जेवले नाहीत. मी दगड टेबलावर ठेवून दिव्याखाली पाहत बसले होते. आज मला त्या खोलीतलं दुसरं काहीही आठवत नाही, फक्त तो दगड आठवतो. ते कधी झोपले, हेही मला माहीत नाही.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. वडिलांना धाप लागली होती, अंगावर सूज होती. मी अकोल्याच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा डॉक्टर आधीचे रिपोर्ट मागत होते. मी म्हटलं, आधीचे काही नाहीत. आईने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. सहा महिन्यांपूर्वीचा. मूत्रपिंडं निकामी होत चालल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"मले का नाही सांगितलं?" मी बाहेर येऊन आईला विचारलं.

"तुया बापानं सांगू नोको म्हनलं. तिचं फिल्ड होऊ दे म्हने. तिच्यासंगं कोन जाईन मंग?"

मी तिथल्या बाकावर बसून राहिले. सगळा हिवाळा ते माझ्यासमोर पाय लांब करून बसत होते. कोट्यवधी वर्षांपूर्वीची बोटभर रेघ मला दिसत होती आणि पायावरचा पट्ट्याचा वळ दिसूनही मी नकाशा उघडला होता. त्याबद्दल मी नंतर कधी त्यांची माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं, हे खरं. पण मी मागितली नाही, हेही खरं.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मी डॉक्टरांना विचारलं, हे खाऱ्या पाण्यामुळे झालं का? ते म्हणाले, "त्या पट्ट्यातले रुग्ण माझ्याकडे पुष्कळ येतात. पण यांना रक्तदाबही आहे. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही." मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं.

दरम्यान सर विहीर पाहायला आले. मी त्यांना बागेत नेलं. आतून बांधकाम झालं होतं. त्यांनी वाकून पाहिलं, खाली सिमेंट आणि दीड पुरुष खोल पाणी. ते सरळ झाले आणि रुमालाने हात पुसले.

"तुमच्याशिवाय हे कोणी पाहिलं?"

"वडिलांनी."

"ते भूशास्त्रज्ञ आहेत?"

"नाही. ड्रायव्हर होते."

"फोटोत दिशा सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "नमुना?"

मी त्यांना अमरावतीला खोलीवर आणून दगड दाखवला. त्यांनी भिंग काढून रेघा पाहिल्या, पुष्कळ वेळ पाहिल्या. मग बाणावर बोट ठेवलं. "हे कोणी आखलं? हे अक्षर तुमचं नाही."

मी सांगितलं. मला वाटलं ते दगड बाजूला ठेवतील. ते म्हणाले, "मला त्यांना भेटायचं आहे."

वडील डायलिसिसच्या पलंगावर होते तेव्हाच आम्ही पोहोचलो. एका हाताला नळ्या लावलेल्या होत्या. सरांनी स्टूल ओढलं, वही उघडली आणि विचारायला सुरुवात केली. साक्षीदाराला विचारावं तसं. मी मागे उभी होते आणि मला ते आवडलं नाही. वडिलांना मात्र त्याचं काही वाटलं नसावं.

"खाली उतरल्यावर डोंगर दिसत नाही. मग बाण डोंगराकडे कसा काढला? होकायंत्र होतं?"

"नोय. ते इच्याजोळ होतं."

"मग?"

"वर काठावर लोखंडाची लंबी सब्बल ठेवली, अर्धी इहिरीवर काढून. तिचं तोंड डोंगराच्या खाचीकडं केलं. तथी दोन शेंड्यांच्या मंधात खाच दिसते, तिकडं. मंग इहिरीवर आलेल्या भागाले दोन जागी सुतळी बांधून दगड लटकवले, ओयंब्यावानी. ते तळापावतर गेले. हालाचे थांबले, तई खाली त्या दोन सुतळ्यांच्या सुदीत सरळ लाइन मारली. अन् दगड काढाच्या आधी मारली. काढल्यावर नाई."

सरांनी लिहिणं थांबवलं होतं. "आणि 'वर' ही खूण?"

"ते तं दिसतच होतं."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवाले कोन बसलं हाये, साहेब?" वडील म्हणाले. "तीस वर्षं साहेब लोकायले आनलं-नेलं. ते करे, मी पाहो."

सरांनी आणखी एक-दोन प्रश्न विचारले, सब्बल किती लांब, वारा होता का. मग वही मिटली. निघताना ते वडिलांच्या मोकळ्या हाताला हात लावून म्हणाले, "काम चोख आहे." माझ्याबद्दल ते असं कधी बोलले नव्हते, पुढेही बोलले नाहीत.

नकाशावर विहिरीपासून त्या खाचीची दिशा मोजली, बाण त्या दिशेला ठेवला, आणि रेघांचे कोन माझ्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिले. जुळले. प्रबंधात तो नमुना मुख्य पुरावा म्हणून गेला. एका विहिरीवरून सगळ्या डोंगराबद्दल बोलता येत नाही, तेही सरांनी माझ्याकडून स्पष्ट लिहून घेतलं. तेवढ्या जागेपुरतं मात्र ठामपणे म्हणता आलं की जुन्या फटीवरूनच जमीन खाली गेली होती आणि पुढे त्याच फटीवरून ती वर आली. नमुना कोणी काढला, ते आकृतीखाली छापायचं सरांनीच ठरवलं.

मी छापलेली प्रत घेऊन गेले तेव्हा वडील घरी होते. चष्मा लावून त्यांनी आकृतीखालची बारीक अक्षरं वाचली. दोनदा वाचली.

"स्पेलिंग चुकलं," ते म्हणाले.

खरंच चुकलं होतं. आडनावातलं एक अक्षर जास्तीचं पडलं होतं. मी म्हटलं, दुरुस्त करून घेते. ते म्हणाले, "राहू दे. मीच हाओ, हे तं समजते." आणि ती प्रत त्यांनी उशाशी ठेवली. शेजारी, नातेवाईक, कुणी भेटायला आलं की आई ती उघडून दाखवायची.

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. त्या काळात आमचं जेवढं बोलणं झालं, तेवढं आधी आयुष्यात झालं नव्हतं. डायलिसिसचे चार तास जाता जात नसत. ते प्रश्न विचारत. एकदा विचारलं, "डोंगर वर आला, तं समोरची जमीन कोठी गेली?"

"ती खाली बसली. पूर्णेचं खोरं झालं. डोंगरावरून वाहून आलेला गाळ त्यात साचत गेला. आपलं गाव त्या गाळावर आहे."

"अन् खारं पानी?"

"ते त्या गाळात आहे. मीठ नेमकं कुठून आलं यावर अजून वाद आहेत. पण खोल बसलेल्या जागेतलं पाणी सहज बाहेर पडत नाही, म्हणून ते आत राहिलं."

त्यांनी छताकडे पाहिलं. "म्हंजे डोंगर उठला म्हून आमचं पानी खारं झालं."

"इतकं सरळ नाही, बाबा."

"पन खोटंबी नाई."

"नाही. खोटं नाही."

शेजारच्या पलंगावर अकोटकडचे एक गुरुजी असत. वडिलांनी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. मी सांगितलं त्यापेक्षा सोपं करून, फट, ताण, दाब, सगळं. गुरुजी म्हणाले, "मी पोरांना तीस वर्षं नुसतं 'गट पर्वत' म्हणून पाठ करून घेतलं हो." दोघंही हसले. ते गुरुजी वडिलांच्या आधी दोन महिने गेले. त्या दिवसानंतर वडील त्या पलंगाकडे पाठ करून झोपत.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "अजून वर येऊन राह्यला काय तो?"

"कदाचित. फार हळू. आपल्याला कळत नाही इतकं."

"आपल्याले कायले कयाले पायजे," ते म्हणाले. "चालू दे त्याचं."

ते सकाळी गेले, आई चहा ठेवत असताना. मी अमरावतीहून निघून बडनेऱ्यापर्यंतच पोहोचले होते. विहारातल्या भंतेजींनी वंदना घेतली. वडिलांच्या कार्यालयातले निवृत्त झालेले तीन-चार साहेब आले होते. त्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं की विहिरीतली टेप अडकली तर ती न तोडता फक्त तुमचे वडीलच काढत.

काही दिवसांनी आईने गावी जायचं म्हटलं. तिच्या मनात होतं की वडिलांच्या नावाने तिथे एक झाड लावावं. आम्ही अकोल्याहून कडुनिंबाचं रोप घेऊन गेलो. काका अजून गावातच राहतात, वडिलांचे धाकटे भाऊ. गावात आता धरणाचं पाणी नळाने येतं, पण रोज येत नाही. खारी विहीर आहे तशीच आहे. तिचं पाणी जनावरंही फारशी पीत नाहीत.

काकांनी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खड्डा करून ठेवला होता. आईने रोप लावलं. मी खड्ड्यातली माती हातात घेऊन पाहिली, सवयीने. वाळल्यावर वर मिठाचा पांढुरका थर येईल अशी माती होती.

"इथं जगेल का काका?" मी विचारलं.

"लिंब हाये," काका म्हणाले. "दोन वर्षं आपन नयाचं पानी देऊ. मंग तो पाहून घेते त्याचं." त्यांनी आईच्या हातून कळशी घेतली आणि पाणी एकदम न ओतता बुंध्याभोवती हळूहळू फिरवत सोडलं. नळ पुन्हा गुरुवारी येणार होता. तोवर पुरेल इतकं त्यांनी टाक्यात झाकून ठेवलं होतं, ते आईला दाखवायला घेऊन गेले.